शेतकऱ्याची प्रातःकालीन शरीरस्वच्छता : एक पाठ

शेतीस लागणाऱ्या साधनांची यादी करावयास सांगितले तर आपण नांगर, वखर, पाभर, पंप, बैलजोडी अशी नावे घेतो. ही सर्व साधने ज्याच्या बळावर चालतात ते शेतकऱ्याचे शरीर मात्र त्या यादीत सहसा येत नाही. बैल लंगडू लागला तर मालक त्याच दिवशी त्याचा खूर उचलून पाहतो. पाभरीचा फण झिजला तर पेरणीपूर्वीच लोहाराची वाट धरतो. परंतु स्वतःच्या टाचेला भेग पडली, हिरडीतून रक्त येऊ लागले किंवा जांघेत खाज सुटली, तर तोच मनुष्य ‘होईल आपोआप बरे’ असे म्हणून आठवडेच्या आठवडे काढतो. या दुर्लक्षाची किंमत ऐन पेरणीत किंवा ऐन सुगीत कामाचे दिवस बुडवून द्यावी लागते, आणि काही प्रसंगी ती प्राणांनी द्यावी लागते.

सकाळी अंग स्वच्छ करण्यास साधारण अर्धा तास पुरतो. या अर्ध्या तासात दोन कामे व्हावयास हवीत. पहिले काम शरीर स्वच्छ करणे हे होय व ते सर्वांस ठाऊक आहे. दुसरे काम शरीर तपासणे हे असून ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दात घासताना तोंड, स्नान करताना त्वचा आणि पाय पुसताना तळवे डोळ्यांखालून घालण्यास वेगळा वेळ लागत नाही. केवळ लक्ष लागते. प्रस्तुत पाठात ही दोन्ही कामे एकाच क्रमात कशी बसवावीत याचे विवेचन केले आहे.

१. उठल्यानंतर

उठल्यावर प्रथम एक तांब्या स्वच्छ पाणी सावकाश प्यावे. रात्रभर शरीरास पाणी मिळालेले नसते, आणि उन्हाळ्यात तर दिवसा घामावाटे पुष्कळ पाणी जावयाचे असते. लघवीचा रंग हे यासाठी उत्तम गमक आहे. ती फिकट पिवळी असेल तर शरीरात पाणी पुरेसे आहे असे समजावे. गडद पिवळी असेल तर शेतावर जाताना पाण्याचे भांडे मोठे न्यावे. भरपूर पाणी पिऊनही लघवी गडद तपकिरी किंवा लाल दिसली, अथवा डोळे पिवळे झाले, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

शौचास शौचालयातच जावे. तंबाखूचा बार भरल्यावाचून पोट साफ होत नाही असे सांगणारे अनेक पुरुष आढळतात. ही शरीराला लावलेली सवय आहे. कोमट पाणी, थोडे चालणे आणि आहारात भाकरी, पालेभाजी व कडधान्ये यांचे योग्य प्रमाण यांनी पोट साफ होते. तंबाखू सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस त्रास होतो. पुढे तो ओसरतो.

शौचानंतर हात साबणाने धुणे हा या सर्व क्रमातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. दोन्ही हात ओले करून साबण लावावा. तळवे, पंजाची मागील बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे व नखांची टोके अशी सर्व जागा सुमारे २० सेकंद चोळावी आणि ओतत्या पाण्याखाली हात धुवावेत. मातीने हात घासण्याची चाल सोडून द्यावी, कारण त्या मातीतच जंतांची अंडी व रोगजंतू असू शकतात. साबण नसेल तेव्हा चुलीतील स्वच्छ राख वापरणे त्याहून बरे. साबणाने हात धुण्याच्या सवयीमुळे अतिसाराचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दिसून आले आहे.

ज्यांच्या घरी दुभते जनावर आहे त्यांनी धार काढण्यापूर्वी पुन्हा हात धुवावेत व नखे आखूड ठेवावीत. अस्वच्छ हातांतून जंतू सडांत शिरतात व जनावरास कासदाह होतो. लांब नखांनी सडांस इजा होते, ती निराळीच. दूध लवकर नासण्याचे कारणही पुष्कळदा धार काढणाऱ्याच्या हातांत व भांड्यात असते.

२. दात व तोंड

दात घासण्यास मऊ केसांचा ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट ही साधने सर्वांत सोयीची आहेत. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावा, दातांची आतील बाजूही घासावी आणि या कामास दोन मिनिटे द्यावीत. ब्रशचे केस वाकले की तो बदलावा. साधारणतः तीन महिन्यांत ही वेळ येते. कडुनिंबाचे किंवा बाभळीचे दातवण वापरावयाचे असल्यास ते ताजे असावे, टोक चावून मऊ कुंचला करावा व हिरड्यांस न ओरबाडता घासावे. विटेची पूड, कोळसा व जाडे मीठ यांनी दात पांढरे दिसले तरी वरचे कवच झिजते आणि पुढे थंड पाणी लागताच दात शिवशिवतात. सकाळी एकदा घासणे पुरेसे नाही. रात्री निजण्यापूर्वी दात घासणे तितकेच, किंबहुना अधिक आवश्यक आहे.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू होय. तिने दात स्वच्छ होत नाहीत; हिरड्यांना गुंगी येते व तिलाच लोक आराम समजतात. भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, आणि तंबाखू, गुटखा व सुपारी ही त्याची प्रमुख कारणे आहेत. महाराष्ट्र शासनाने इ. स. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु खिशातील तंबाखूची पिशवी दूर करणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे.

चूळ भरल्यानंतर महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात उभे राहून तोंड तपासावे. गालांची आतील बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग व हिरड्या पाहाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसल्यास डॉक्टरांना दाखवावा. आणखी एक सोपी कसोटी आहे. स्वतःची तीन बोटे उभी धरून ती पुढच्या दातांच्या मध्ये शिरतात का ते पाहावे. तोंड तेवढे उघडत नसेल तर तो धोक्याचा इशारा समजावा. हा रोग आरंभी दुखत नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहणे घातक ठरते. लवकर सापडल्यास तो बरा होऊ शकतो.

३. डोळे व कान

डोळे स्वच्छ पाण्याने धुवावेत व स्वतःच्याच स्वच्छ रुमालाने टिपावेत. धोतराच्या सोग्याने किंवा घरातील सर्वांच्या एकाच पंचाने डोळे पुसल्यास डोळे येण्याची साथ घरभर पसरते. उसाचे पाते, भाताचे कूस किंवा कडब्याचे टोक डोळ्यास लागले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा आरशात अवश्य पाहावा. लाली, पाणी येणे, उजेड सहन न होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. अशा जखमेत बुरशीची लागण होते व फूल पडून दृष्टी जाण्याचा संभव असतो. पाल्याचा रस, मध किंवा दुकानातून मागून आणलेले थेंब डोळ्यांत घालू नयेत. त्यांतील काही थेंबांनी ही बुरशी अधिकच वाढते.

कानात काडी, पिन किंवा किल्ली घालू नये. कानातील मळ बहुधा आपोआप बाहेर येतो. ऐकू कमी येत असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

४. दाढी

दाढी रोज करावी किंवा राखावी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. मात्र राखलेली दाढी रोज धुऊन कोरडी केली पाहिजे, कारण धूळ, भुसा व घाम तीत साठतो. दाढी करताना चेहरा कोमट पाण्याने भिजवावा, साबणाचा फेस एक-दोन मिनिटे मुरू द्यावा, केसांच्या दिशेने वस्तरा फिरवावा व शेवटी थंड पाण्याने चेहरा धुवावा. उलट्या दिशेने फिरवल्यास केस कातडीत वळतात व पुळ्या येतात.

गावातील नाभिक बंधूंकडे दाढी करणाऱ्यांनी एक नियम पाळावा : प्रत्येक वेळी नवे पाते. कावीळ ‘ब’ व ‘क’ यांचे विषाणू रक्तावाटे पसरतात, आणि वस्तऱ्याला लागलेले रक्त डोळ्यांस न दिसण्याइतके थोडे असले तरी ते पुरते. ‘ब’ कावीळीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. पाते पुसल्याने किंवा पाण्यात बुडविल्याने तो मरत नाही. सर्वांच्या गालांवरून फिरणारा तुरटीचा खडाही याच कारणाने टाळावा. स्वतःचा खडा घरून न्यावा. नव्या पात्याची मागणी करणे म्हणजे कारागिराचा अपमान करणे नव्हे. त्याच्याही बोटांना पाते लागते, तेव्हा हा नियम त्याच्याही हिताचा आहे. ‘ब’ कावीळीवर लस उपलब्ध असून तिचे साधारणतः तीन डोस घ्यावे लागतात.

वापरलेले पाते उकिरड्यावर टाकू नये. ते शेणखताबरोबर शेतात जाते व अनवाणी पायाला कापते. चाऱ्यातून ते जनावराच्या पोटात गेल्यास जठर फाडून हृदयापर्यंत इजा करू शकते. झाकणाच्या डब्यास चीर पाडून पाती त्यात साठवावीत.

५. स्नान

स्नानास पाण्यापेक्षा क्रम अधिक महत्त्वाचा आहे. प्रथम डोके व मान, नंतर काखा, पाठ, जांघा, गुदभाग आणि शेवटी पायांची बोटे असे वरून खाली यावे. काखा, जांघा व बोटांच्या बेचक्या येथे घाम साचतो व हवा लागत नाही. साबण तेथे हमखास लावावा. लिंगावरील त्वचा हलकेच मागे घेऊन आतील भाग साध्या पाण्याने रोज धुवावा. ही स्वच्छता पतीप्रमाणे पत्नीच्याही आरोग्यास हितकारक आहे. कपडे धुण्याचा साबण किंवा सोडा अंगास लावू नये. त्याने त्वचा रुक्ष होऊन फुटते.

स्नानानंतर अंग कोरडे करणे हे स्नानाइतकेच अगत्याचे आहे. जांघेतील ओल व पायांच्या बेचक्यांतील ओल यांवरच गजकर्ण व चिखल्या पोसल्या जातात. प्रत्येकाचा पंचा वेगळा असावा व तो रोज उन्हात वाळवावा. लंगोट किंवा चड्डी सुती, सैल व रोज धुतलेली असावी.

पाणी आणणे व तापविणे हे काम घरातील स्त्रियांनीच करावयाचे, अशी चाल अनेक घरांत आहे. पहाटे त्यांना धार, चूल व मुले ही कामे असतात. आपल्या स्नानाचे पाणी आपण भरावे. एवढ्याने घरातील सर्वांनाच सकाळी स्वच्छतेस अवधी मिळतो.

६. स्नानाच्या वेळी त्वचेची तपासणी

पुढील चार गोष्टींकडे लक्ष ठेवावे.

(अ) गजकर्ण : कडा उठावदार व मध्ये फिकट असा खाजरा, गोल चट्टा. यावर स्टेरॉइड मिसळलेली मलमे दुकानातून आणून लावण्याचा प्रघात वाढला आहे. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी मरत नाही. चट्टा पसरतो व पुढे हट्टी होतो. डॉक्टरांनी दिलेले औषध, डाग दिसेनासा झाला तरी, सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावे.

(आ) बधिर चट्टा : फिकट किंवा तांबूस असून जेथे स्पर्श किंवा टोचणी कळत नाही असा डाग कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळते व ६ ते १२ महिन्यांत रोग बरा होतो. लपविल्यास हातापायांस व्यंग येते.

(इ) काळी खपली : काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी विडीने भाजल्यासारखी, न दुखणारी काळी खपली दिसून ताप आला असेल तर तो गवतातील बारीक किड्यांच्या चाव्यामुळे होणारा स्क्रब टायफस असण्याचा संभव आहे. इ. स. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत या रोगाची साथ आली होती. खपली डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. वेळेवर ओळखल्यास उपचार सोपा आहे.

(ई) जखम : काट्याची, विळ्याची किंवा तारेची जखम साबण-पाण्याने धुवावी. तीवर शेण, माती किंवा तंबाखू दाबू नये. धनुर्वाताचे जंतू शेणामातीत असतात. धनुर्वाताची शेवटची लस केव्हा घेतली हे आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे.

७. पाय

शेतकऱ्याच्या शरीरात सर्वांत जास्त काम पाय करतात व सर्वांत कमी लक्ष त्यांच्याकडे दिले जाते. रोज तळवे उलटून पाहावेत. मधुमेह असलेल्यांनी तर हे कदापि चुकवू नये, कारण त्यांना काटा रुतलेला कळत नाही. टाचांना भेगा असल्यास रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून खरखरीत दगडाने हलकेच घासावेत व कोरडे करून व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे. पाते घेऊन टाच तासू नये.

कोकणात व इतरत्र भातलावणीच्या दिवसांत भेगांचा धोका विशेष असतो. उंदरांच्या मूत्रातून चिखलात आलेले लेप्टोस्पायरा जंतू भेगांतून व भिजून मऊ झालेल्या कातडीतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांची लाली ही त्याची लक्षणे होत. पायांस जखमा असलेल्यांनी शक्य तर गमबूट घालावेत. लावणीच्या काळात प्रतिबंधक गोळी घ्यावी किंवा कसे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. अनवाणी पायांतून अंकुशकृमीही शिरतात. ते आतड्यात राहून रक्त शोषतात व माणूस फिकट, धापा टाकणारा होतो. म्हणून पादत्राण हे चैनीचे साधन न मानता संरक्षणाचे साधन मानावे. ते घालण्यापूर्वी उलटे करून झटकावे, म्हणजे आत विंचू बसला असल्यास बाहेर पडेल.

८. फवारणीच्या दिवशी

इ. स. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मिळून अनेकांचे प्राण गेले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कीटकनाशक श्वासाप्रमाणेच कातडीतूनही शरीरात जाते. जांघेतील व अंडकोशावरील कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पट अधिक वेगाने ते शोषून घेते. म्हणून गळक्या पंपाने पाठ व जांघ भिजणे हे अत्यंत धोक्याचे आहे.

या दिवशी सकाळचा क्रम थोडा बदलावा. दाढी आदल्या सायंकाळी करावी. त्यामुळे मुखपट्टी गालास नीट बसते व ताज्या खरचटीवर औषध लागत नाही. पोट रिकामे ठेवून जाऊ नये. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा, हातमोजे, चष्मा व मुखपट्टी घालावी. शेतावर धुण्याचे पाणी, साबण व कपड्यांचा दुसरा जोड न्यावा. काम संपताच, पाणी पिण्यापूर्वी व तंबाखूस हात लावण्यापूर्वी, हात व तोंड धुवावे. घरी येताच मूल उचलण्यापूर्वी साबणाने पूर्ण स्नान करावे. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, आणि न धुतलेले कपडे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंगावर चढवू नयेत. चक्कर, उलटी, फार घाम, लाळ किंवा अंधुक दिसणे अशी लक्षणे होताच औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन रुग्णालयात जावे.

९. पाणी थोडे असेल तेव्हा

माण, खटाव, जत, आष्टी यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी मिळेलच असे नाही. अशा वेळी हात, तोंड, काखा, जांघा व पाय एवढे भाग दोन-तीन तांब्यांत साबणाने धुवावेत आणि उरलेले अंग ओल्या फडक्याने पुसावे. हात धुण्याच्या पाण्यात मात्र काटकसर करू नये. स्नानाचे पाणी अंगणात साचू न देता परसबागेतील केळी व अळू यांस द्यावे, किंवा शोषखड्ड्यात सोडावे. सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो तळाशी मोठ्या व वर लहान दगडांनी भरला की लहान कुटुंबाचे सांडपाणी त्यात जिरते. त्यामुळे डासांची पैदासही कमी होते.

१०. गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

या विषयावर केवळ भाषण देऊन उपयोग होत नाही. चावडीत किंवा तालमीत दहा-पंधरा जण जमवावेत. एकाच्या हातांना तेलात कालवलेली काव चोळावी. प्रथम नुसत्या पाण्याने व नंतर साबणाने हात धुवावयास लावावे. नुसत्या पाण्याने काव जात नाही हे सर्वांस दिसले की पुढे फार बोलावे लागत नाही. तीन बोटांची कसोटी तेथेच सर्वांनी करून पाहावी. ज्याचे तोंड उघडत नाही त्याची चेष्टा होऊ देऊ नये व त्याला बाजूस घेऊन रुग्णालयाचा पत्ता द्यावा. नाभिक बंधूंना सभेत अग्रस्थान द्यावे, कारण गावातील बहुतेक पुरुष त्यांच्याकडे येतात व नव्या पात्याचा नियम त्यांच्याच हातून रुजावयाचा असतो. आशा कार्यकर्तीस व आरोग्यसेवकास बरोबर घ्यावे. फवारणी व भातलावणी यांविषयीचा भाग हंगामापूर्वी किमान पंधरा दिवस सांगून व्हावा.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात येताच प्रथम खराट्याने गाव झाडीत व रात्री कीर्तनातून बोलत. महाराष्ट्रात इ. स. २०००-०१ पासून त्यांच्याच नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. कार्यकर्त्याची स्वतःची नखे वाढलेली असतील व खिशात तंबाखूची पुडी असेल, तर त्याचा उपदेश कोणी ऐकणार नाही, हे ओळखून त्याने या पाठाचा आरंभ स्वतःपासून करावा.

सकाळचा क्रम, थोडक्यात

पाणी पिणे, शौच व साबणाने हात धुणे : १० मिनिटे.
दात, जीभ, डोळे : ५ मिनिटे.
दाढी, करावयाची असल्यास : ५ मिनिटे.
स्नान व त्वचेची तपासणी : ८ मिनिटे.
पाय कोरडे करणे, तळवे पाहणे, धुतलेले कपडे व पादत्राण : २ मिनिटे.
आठवड्यातून एकदा नखे कापणे. महिन्यातून एकदा तोंडाची तपासणी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात दाढीसाठी प्रत्येकास नवे पाते वापरले जाते काय? नसल्यास त्यासाठी काय करता येईल?
२. गेल्या वर्षी आजारपणामुळे आपल्या कामाचे किती दिवस बुडाले? त्यांपैकी कोणते आजार या पाठातील नियमांनी टळले असते?
३. फवारणी करणाऱ्या मजुरास साबण, पाणी व स्नानाची सोय कोणी पुरवावी असे आपणास वाटते?